ब्लॉग नावाचे माध्यम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॉग आणि साधी वेबसाइट यांत फरक काय?

ब्लॉग ही वेबसाइटच, फक्त तिची मांडणी ठरलेली असते. नवी नोंद वर, जुनी खाली. प्रत्येक नोंदीवर तारीख. आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता, म्हणजे पर्मालिंक. या तिसऱ्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण ब्लॉगचे माध्यम झाले ते तिच्यामुळेच. १९९० च्या दशकातल्या हौशी वेबसाइटवर नवा मजकूर चढला की जुना पुसला जाई. मित्राला ‘हे वाच’ म्हणून पत्ता पाठवावा, तर आठवड्याने तिथे भलतेच काही असे. नोंदीला पत्ता मिळाल्यावर तिच्याकडे बोट दाखवता येऊ लागले; मग तिला उत्तर देणे आले, तिची चूक दाखवणे आले. वर्तमानपत्राच्या बातमीला अंक आणि पान असते, तसेच हे.

हा शब्द आला कुठून? मराठीत काय म्हणायचे?

जॉर्न बार्जर या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या रोजच्या दुव्यांच्या यादीला ‘वेबलॉग’ म्हटले. लॉग म्हणजे जहाजावरची नोंदवही. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झने आपल्या पानावर तो शब्द गमतीने ‘वी ब्लॉग’ असा तोडला आणि शेपूटच तेवढे टिकले. २००४ साली मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने ‘ब्लॉग’ला त्या वर्षाचा शब्द ठरवले.

मराठीत ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ हे दोन शब्द चालवण्याचा मनापासून प्रयत्न झाला. अनुदिनी कानाला गोड लागतो, पण रोज लिहिण्याचे ओझे त्यातच आहे आणि बहुतेक ब्लॉग महिनोन्‌महिने गप्प असतात. बोलण्यात ब्लॉगच रुळला.

१९९९ च्या सुमारास असे काय झाले?

त्याआधी एक परिच्छेद चढवायचा तर एचटीएमएल (वेबपानाची खूणभाषा) हाताने लिहा, फाइल एफटीपीने (फाइल पाठवण्याच्या सोयीने) सर्व्हरवर टाका, मुख्य पानावर दुवा स्वतः जोडा, असा खटाटोप होता. एक दुवा चुकला की सगळे पान विस्कटे. १९९९ साली आधी लाइव्हजर्नल आणि ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या कंपनीचे ब्लॉगर, अशा ब्लॉग लिहिण्याच्या दोन सेवा आल्या. त्यांनी या सगळ्याच्या जागी एक चौकट आणि एक बटण ठेवले. तारीख, क्रम, जुन्या नोंदींचा संग्रह आणि पत्ता हे सारे यंत्राने सांभाळायचे. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ब्लॉगर विकत घेतले. त्याच वर्षी २७ मे रोजी मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली; आधीच्या ‘बीटू’ नावाच्या प्रणालीचे काम थंडावले होते, तिच्यावरच ती उभी होती.

फीड म्हणजे काय? आज त्याचा उपयोग आहे का?

फीड ही तुमच्या ताज्या नोंदींची यंत्राला वाचता येणारी फाइल. प्रत्येक नोंदीचे शीर्षक, पत्ता, तारीख आणि मजकूर त्यात असतो. वाचकाचे फीड रीडर ठरावीक वेळाने ती फाइल पाहते आणि नवीन काही असेल तर पुढे आणून ठेवते. म्हणजे पन्नास ब्लॉग वाचणाऱ्याला पन्नास दारे ठोठवावी लागत नाहीत. आरएसएस या फीडच्या प्रकाराची पहिली आवृत्ती नेटस्केप या ब्राउझर कंपनीने मार्च १९९९ मध्ये आणली. छोट्या ब्लॉगला वितरण मिळाले ते फीडमुळे, आणि मराठी ब्लॉगांच्या नोंदी एका ठिकाणी दाखवणारी संकेतस्थळेही फीडवरच चालत.

१ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले आणि बऱ्याच वाचकांची सवय मोडली ती मोडलीच. पण फीड मेलेली नाही. ब्लॉगरवर पत्त्यापुढे ‘फीड्स/पोस्ट्स/डिफॉल्ट’ आणि वर्डप्रेसवर नुसते ‘फीड’ (अर्थात रोमन अक्षरांत) जोडा, ती समोर येते. सेटिंग्जमध्ये संपूर्ण मजकूर की फक्त सुरुवात, हा पर्याय असतो. संपूर्ण ठेवा. अर्धवट फीड देऊन वाचकाला ओढून आणण्याची युक्ती बहुधा वाचकच घालवते.

ब्लॉगला ‘माध्यम’ म्हणून कधी मोजू लागले?

एकच तारीख सांगता येत नाही. अमेरिकेतले दोन प्रसंग मात्र नेहमी सांगितले जातात. ५ डिसेंबर २००२ रोजी सिनेटर ट्रेंट लॉट यांनी सहकारी सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांच्या शंभराव्या वाढदिवशी, थरमंड यांच्या १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्णभेदवादी उमेदवारीची भलामण वाटेल असे विधान केले. मोठ्या वृत्तपत्रांनी सुरुवातीला त्याकडे जवळपास काणाडोळाच केला. जॉश मार्शल यांच्या ‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’सह काही ब्लॉगांनी विषय लावून धरला, लॉट यांची तशीच जुनी विधाने बाहेर काढली आणि २० डिसेंबरला लॉट यांना सिनेटमधले पक्षनेतेपद सोडावे लागले.

दुसरा ८ सप्टेंबर २००४ चा. सीबीएस वाहिनीने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेबद्दल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे म्हणून काही कागद दाखवले. काही तासांतच लोकांनी टंकाकडे बोट दाखवले: अक्षरांची रुंदी कमीजास्त, अंकापुढची वर चढवलेली बारीक अक्षरे, त्या काळच्या साध्या टंकलेखन यंत्रावर हे कसे निघाले? ब्लॉग लिहिणाऱ्या एकाने तोच मजकूर वर्डमध्ये नेहमीच्या सेटिंगवर टाइप करून मूळ कागदावर ठेवला, तो जवळजवळ तंतोतंत बसला. १२ दिवसांनी वाहिनीने चूक कबूल केली. इथे विशेष हे की पुरावा कोणालाही घरी करून पाहता येत होता.

आपल्याकडची उदाहरणे वेगळ्या जातीची आहेत आणि आम्हाला ती अधिक मोलाची वाटतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पीटर ग्रिफिन, दीना मेहता आणि रोहित गुप्ता या मुंबईकरांनी ब्लॉगस्पॉटवर (ब्लॉगरच्या मोफत पत्त्यावर) मदतीचा ब्लॉग सुरू केला. पुढे देशोदेशीचे स्वयंसेवक त्यात आले. मदत संस्था, दूरध्वनी क्रमांक, बेपत्ता माणसे यांची माहिती तिथे रचली जाई. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, फोन लागेनात, तेव्हाही मुंबईची खबरबात अशाच ब्लॉगांवर जमा होत होती. इथे कोणी कोणाला पाडत नव्हते. वर्तमानपत्राचा अंक निघेपर्यंत जी माहिती शिळी होते, तिला तासातासाने जागा मिळत होती.

मराठी ब्लॉग इतके उशिरा का आले?

मराठी माणसे आंतरजालावर उशिरा आली असे नाही. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून आहे. अडचण लिपीची होती. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तोच फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसेल, तर त्याला अगम्य रोमन अक्षरांची रांग दिसे. काही वृत्तपत्रांनी पानाबरोबर फॉन्ट पाठवण्याची सोय केली, ती इंटरनेट एक्सप्लोररपुरतीच चाले. कोणी मजकुराचे चित्र करून लावी. शोधयंत्राला यातले काहीच वाचता येत नसे. पत्ता होता, पण पत्त्यावर काय आहे हे यंत्राला कळत नव्हते.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा आहे आणि ‘म’ म्हणजे सगळीकडे ‘म’च. तरी विंडोज एक्सपीवर आणखी एक पायरी होती: कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करायची, आणि बहुधा विंडोजची मूळ सीडी घालायची. ऑफिसच्या संगणकाची सीडी कोणाकडे असणार? ही पायरी गाळली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत. २००७ मध्ये विस्टा आल्यावर ही कटकट संपली. २००४ च्या ‘मनोगत’ या मराठी संकेतस्थळाने ब्राउझरमध्येच रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवण्याची सोय दिली होती, पुष्कळांचा हात तिथे बसला आणि मग त्यांनी स्वतःचे ब्लॉग काढले. पुढे स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ स्पर्धा घेतली, तेव्हा टीव्हीलाही या लिखाणाची दखल घ्यावीशी वाटली असे म्हणायला हरकत नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर ब्लॉगवर कसा आणायचा?

फॉन्ट बदलून तो मराठीत दिसणार नाही. परिवर्तकातून, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून, काढावाच लागतो. आधी मूळ फॉन्टचे नेमके नाव पाहा, कारण एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांतही आकारांच्या जागा वेगळ्या असू शकतात. मग एक परिच्छेद बदलून तपासा. सगळे पुस्तक एकदम ओतू नका. चुका ठरलेल्या जागी होतात:

ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आले की परिवर्तक चुकतो, म्हणून ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ असे शब्द शोधून बघा.

रफार. जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये ‘र’ आधी. ‘वर्षांनी’, ‘मार्मिक’ तपासा.

आणि सगळ्यात छळणारा तो अर्धा ‘ऱ’. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. युनिकोडमध्ये हा आकार दोन प्रकारे निघतो: ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकायचे, किंवा ‘ऱ’ हे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. पहिल्या प्रकारातले अदृश्य चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना गळू शकते आणि डोंगराचा समुद्र होतो. दुसरा प्रकार टिकतो. इनस्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. दोन्ही पद्धती एकाच ब्लॉगवर मिसळल्या तर ‘वाऱ्यावर’ शोधताना निम्म्या नोंदी सापडणार नाहीत, कारण डोळ्याला सारखे दिसणारे यंत्राला वेगळे असते.

‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत लोकांनी ‘ऍ’वर भागवले आहे. शोधा-आणि-बदला वापरून एकदाच सरळ करून घ्या.

ब्लॉगर घ्यावे की वर्डप्रेस?

फक्त लिहायचे असेल आणि खर्च नको असेल तर ब्लॉगर. सर्व्हर, सुरक्षा, अद्ययावत करणे, कशाचीच काळजी नाही. मांडणीवर पूर्ण ताबा हवा असेल, दोनचार जण मिळून लिहिणार असतील, तर स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, वर्डप्रेस. पण मग बॅकअप घेणे आणि प्लगइन (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रणाली) वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणे हे तुमचे काम. स्थलांतर करताना डेटाबेसचा वर्णसंच ‘यूटीएफ८एमबी४’ आहे ना, हे आधी पाहा. तो लॅटिन राहिला तर साऱ्या मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे होतात, आणि ती प्रश्नचिन्हे एकदा साठली की मागे फिरवता येत नाहीत.

नावाचे डोमेन, म्हणजे स्वतःचा विकत घेतलेला पत्ता, मात्र दोन्हीकडे घ्यावेच. २०१२ पासून काही वर्षे ब्लॉगर भारतातल्या वाचकाला आपोआप ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ शेपटीच्या पत्त्यावर नेत असे. लोकांनी तेच पत्ते कॉपी करून सगळीकडे दिले. २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या हातून सुटले आणि ते सगळे दुवे एका फटक्यात मेले. तुमचे असे काही जुने दुवे असतील तर शेवटी ‘डॉट कॉम’ लावून पाहा, नोंद बहुधा तिथे शाबूत असते.

ब्लॉगरला डोमेन जोडताना, ते ज्या कंपनीकडून घेतले तिच्या सेटिंग्जमध्ये, दोन सीनेम नोंदी (डोमेन कुठे वळवायचे हे सांगणाऱ्या) टाकाव्या लागतात. एक सर्वांना सारखी, दुसरी फक्त तुमच्या ब्लॉगची. बहुतेक जण दुसरी विसरतात आणि पडताळणी अडकते. नोंदी बरोबर टाकल्यावरही परिणाम दिसायला काही तास लागू शकतात. तेवढ्यात पुन्हा पुन्हा बदलत बसू नका.

नोंदीचा पत्ता मराठीत ठेवावा का?

ब्लॉगर देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवू शकत नाही. ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे काहीतरी आकडा, असा निनावी पत्ता देतो. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये जाऊन रोमन लिपीत तीनचार शब्द स्वतः लिहा. प्रसिद्ध केल्यावर बदलायचा तर नोंद आधी मसुद्यात परत न्यावी लागते, आणि तोवर दिलेले दुवे तुटतात.

वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेतो, पण आत साठवताना एका अक्षराची, काना-मात्रेचीही, प्रत्येकी नऊ रोमन चिन्हे होतात. जागा २०० चिन्हांची. भागाकार केला तर साधारण २२ अक्षरचिन्हांनंतर शीर्षक कापले जाते, कधी शब्दाच्या मधोमध. शिवाय तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची हातभर माळ होते. रोमनच बरा.

मराठी मजकूर वाचायला त्रास होतो अशी तक्रार येते. काय करावे?

इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये ओळी फार जवळ असतात. वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांना धडकतात. ओळींचे अंतर १.७ च्या आसपास आणि अक्षर १८ पिक्सेल ठेवा. अक्षरांमधले अंतर वाढवणारी सेटिंग शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेघ तुटते. इटॅलिक टाळा. पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेत मराठीचा संकेत भरा. मग ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात.

२००६ मध्ये भारतात ब्लॉग बंद झाले होते, हे खरे का?

हो, काही दिवस. ११ जुलैच्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांनंतरच्या आठवड्यात दूरसंचार विभागाने मोजक्या पत्त्यांची यादी इंटरनेट कंपन्यांना बंद करायला पाठवली. कंपन्यांनी तेवढे पत्ते वेगळे न काढता ब्लॉगस्पॉटसारखी सबंध डोमेनच अडवली. ब्लॉगर मंडळींनी आरडाओरडा केल्यावर ती पुन्हा उघडली.

ब्लॉगवर लिहिल्याबद्दल कायद्याने कारवाई होऊ शकते का?

होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून २०१२ मध्ये अटक झाली होती, ते प्रकरण या लढ्याच्या मुळाशी होते. पण बदनामीचा गुन्हा कायम आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव नव्हे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे; नाव न देता गाव, शाळा, नाते दिले तरी ओळख पटतेच.

कोणी लेख उचलला तर?

लिहिताक्षणी स्वामित्वहक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. दुसऱ्या ब्लॉगवर चोरी झाली असेल तर आधी पडद्याचे चित्र घ्या, मग ज्या कंपनीवर तो ब्लॉग आहे तिच्या तक्रार अर्जात मूळ नोंदीचा पत्ता आणि चोरलेल्या नोंदीचा पत्ता द्या. नुसते ‘त्याने माझा ब्लॉग ढापला’ असे लिहिले तर अर्ज परत येतो; प्रत्येक नोंद वेगळी दाखवावी लागते. व्हॉट्सॲपवरच्या ढकललेखांना मात्र पत्ताच नसतो, त्यामुळे तक्रार कशावर करणार? तिथे एक गावठी उपाय: नाव लेखाच्या शेवटी न देता मधल्या एखाद्या वाक्यात गुंफा. ढकलणारे फक्त डोके आणि शेपूट कापतात.

उलट बाजूही आहे. आवडत्या कवीची अख्खी कविता ब्लॉगवर टाकणे हीसुद्धा चोरीच, कवी हयात नसला तरी. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो.

मराठी ब्लॉगवर पैसे मिळतात का?

अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरात सेवेने मराठीला २०१८ मध्ये मान्यता दिली, त्याआधी लोक इंग्रजी नोंदींच्या आडून खाते काढत. कमाई १० डॉलर झाली की पत्ता पडताळणीचा पिन साध्या टपालाने येतो. पत्त्यात खूण म्हणून ‘मारुती मंदिरासमोर’ आणि पिनकोड दोन्ही लिहा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. १०० डॉलर जमल्यावरच पैसे बँकेत येतात. मराठीतले दर इंग्रजीपेक्षा कमी, त्यामुळे हा पगार समजू नये. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः टिचकी मारणे, घरच्यांना मारायला सांगणे, याने खाते कायमचे जाते.

छापून आलेली चूक कशी सुधारावी?

शुद्धलेखन गुपचूप सुधारा. तथ्य बदलत असेल तर जुने वाक्य रेघ मारून तसेच ठेवा, शेजारी बरोबर माहिती आणि तारीख द्या. कोणी प्रतिसादात चूक दाखवली असेल आणि तुम्ही मूळ वाक्यच पुसले, तर तो बिचारा हवेत भांडताना दिसतो.

फेसबुक असताना ब्लॉग कशाला?

गप्पांसाठी नकोच, त्या तिकडे गेल्या आणि परत येणार नाहीत. पण तुमच्याच २०१४ च्या भिंतीवरची एखादी पाककृती आज शोधून दाखवा. ब्लॉगवरची नोंद गूगलला सापडते, दहा वर्षांनीही. सोय अशी: ब्लॉगवर आधी, भिंतीवर नंतर.

ब्लॉग बंद करायचा आहे. पुसून टाकू का?

नको. सेटिंग्जमधून बॅकअप घ्या. त्यात नोंदी आणि प्रतिसाद येतात, चित्रे येत नाहीत, ती वेगळी उतरवा. महत्त्वाच्या नोंदींचे पत्ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती सांभाळणाऱ्या संग्रहात) एकेक करून जतन करा. प्रतिसाद बंद करा, नाहीतर वर्षभरात तिथे कर्ज देणाऱ्यांची जत्रा भरते. ‘यापुढे इथे लिहिणार नाही’ अशी तारखेसह एक नोंद वर लावा. डोमेनचे पैसे पुढे भरायचे नसतील तर मुदत संपण्याआधी ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते काढून टाका, म्हणजे ब्लॉग पुन्हा जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर दिसू लागेल. हे राहिले तर नोंदी मुदत संपलेल्या पत्त्याकडेच बोट दाखवत राहतात आणि तिथे कोणी जुगाराचे दुकान थाटलेले असते.